लाल काठाची पिशवी

भाईंदर (पूर्व),
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय रसिकाकाकूंना मेल्रॉयचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही अकोल्याला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. निघताना तुम्ही म्हणाला होतात, "फोन करू नकोस, मला नीट ऐकू येत नाही आणि तुझी लिहायची सवय मोडेल. पत्र टाक." म्हणून लिहितो आहे. आधी वहीत कच्चे लिहिले, शब्द तपासले, मग हे पक्के लिहिले. आठवीत शाळा सुटलेल्या मुलाला तुम्ही डब्यांवरच्या पाट्या लिहायला शिकवलेत. तुमच्याकडेच चूक गेली तर फार वाईट दिसेल.

इमारतीचे ठीक आहे. घंटागाडी साडेसातलाच येते. मी उत्तनहून पहिल्या बसने येतो आणि गाडीच्या आधी सगळे मजले उतरवतो. हिरव्या डब्यातला ओला मागच्या खताच्या टाकीत, निळ्यातला सुका गाडीत. पाचव्या मजल्यावरचे आजोबा दाढीचे पाते अजून कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून देतात. ४०४ वाले अजून सगळे एकाच पिशवीत कोंबतात आणि मी दार वाजवले की आंघोळीला जातात.

तुमच्या ३०२ मध्ये हिनाताई आणि त्यांचे यजमान राहायला आले आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "भैया, नारियल गीले में कि सूखे में?" मी सांगितले, आतले खोबरे खराब असेल तर ओल्यात, करवंटी सुक्यात, शेंडी वेगळी बांधून द्या, भांडी घासायला कोणीतरी नेते. त्या म्हणाल्या, "एक नारियल के तीन हिस्से? इतने फंक्शन तो मेरी शादी में नहीं थे." पण तेव्हापासून त्यांची एकही चूक नाही. सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी घर पूर्ण साफ केले. सात पिशव्या निघाल्या. सातही मी स्वतः जमिनीवर पसरून वेगळ्या केल्या. एक काडी इकडची तिकडे गेली नाही. तुमच्या घराचे शेवटचे काम माझ्या हातून चोख झाले, याचे समाधान वाटते.

काकांच्या जास्वंदीला पाणी घालतो.

आपला,
मेल्रॉय

&nbsp;

अकोला,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. मेल्रॉय यास अनेक आशीर्वाद.

पत्र दिवाळीत मिळालं. चष्मा लावून चूक शोधली, सापडली नाही. समिधाला दाखवलं तर ती म्हणाली, "आई, तुझ्या मुलीला तू कधी इतकं शिकवलं नाहीस." जळते ती.

इथे समिधाकडे सगळं आहे, फक्त दोन डबे नाहीत. मी आणायला लावले. ओला वेगळा, सुका वेगळा भरते आणि सकाळी सफाईवाली बाई माझ्यासमोर दोन्ही एका टोपलीत ओतते. जावई म्हणाले, "आई, इथे हे चालत नाही." आपल्या इमारतीतही चालत नव्हतं. आम्ही पहिल्यांदा दारात दोन डबे ठेवले तेव्हा समोरच्या वहिनी म्हणाल्या होत्या, "दोन कशाला, एक सासूचा नि एक सुनेचा?" तुझे काका त्यांच्यासमोर डब्यात हात घालून केळ्याची साल आणि दुधाची पिशवी वेगळी करायचे. बँकेत हेडक्लार्क होते, पण लाज म्हणून नव्हती. दुधाची पिशवी धुऊन, चिमटा लावून दोरीवर वाळत घालायचे. पाहुणे विचारायचे, हे काय वाळत टाकलंय.

जास्वंदीचं लिहिलंस ते बरं केलंस. गोडदेवच्या एका ओळखीच्या घरातून त्यांनी ती फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. रोज सकाळी एकच फूल तोडायचे. दहा असली तरी एकच. म्हणायचे, "बाकीची बघायला." ते एक फूल आणि कुंपणाकडेच्या दूर्वा, एवढीच आमची पूजा.

आता एक काम. देव्हारा होता त्या कोनाड्यात, वरच्या फळीच्या मागे, एक लहानशी पिशवी राहिली आहे. माझ्या जुन्या साडीच्या लाल काठाची, हातानं शिवलेली. आत त्यांच्या हातच्या शेवटच्या पूजेचं निर्माल्य आहे. ती पूजा करून ते बाजारात गेले ते जिवंत परत आलेच नाहीत, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी देवावरून उतरवलेलं ते फूल मी टाकलं नाही. तीन वर्षं जपलं आणि निघायच्या गडबडीत विसरले. त्या नव्या मुलीला विचार. मिळाली तर तुझ्याकडे ठेव. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. तुझ्याकडून वस्तू हरवत नाही म्हणून तुलाच सांगते.

रसिकाकाकू

&nbsp;

भाईंदर (पूर्व),
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काकूंना सप्रेम नमस्कार.

पत्र मिळाले. लाल काठाची पिशवी माझ्याजवळ आहे. काळजी करू नये.

जुनी वस्तू जपणे मला समजते. माझी आई मार्सेलिन हिने गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी, माडाच्या पातीचा विणलेला क्रूस माझ्याकडे आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी ती गेली. आमच्यात हा आशीर्वादित क्रूस वर्षभर घरात ठेवतात, कचऱ्यात टाकत नाहीत.

इकडे थंडी अजून नाही. घंटागाडी वेळेवर येते.

आपला,
मेल्रॉय

&nbsp;

अकोला,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. मेल्रॉय यास आशीर्वाद.

पत्र इतकं छोटं का? शाई संपली की काय. पण एकच ओळ हवी होती, ती मिळाली. ती वाचून मी उठून चहा केला आणि समिधाला म्हटलं, आज दोन चमचे साखर घाल.

आता ऐक. माझा पुतण्या भूपेश डिसेंबरात मीरा रोडला लग्नाला येतो आहे, बेव्हर्ली पार्कात उतरेल. त्याला मी सांगितलंय, जेसल पार्कला जा, इमारतीच्या मागे मेल्रॉय असतो, तो जे देईल ते पाकिटात ठेवायचं आणि प्रवासात उघडायचं नाही. तो म्हणाला, "काकू, सोनं आहे का?" मी म्हटलं, सोनं असतं तर तुला सांगितलं नसतं.

तुझ्या आईचं लिहिता लिहिता तू घंटागाडीकडे वळलास. मला ती आठवते. एकदा तुझा डबा द्यायला आली होती आणि तुला ओरडत होती की चिंबोऱ्यांची कवचं इथल्या टाकीत का टाकतोस, घरी आण, माडाला घालू.

रसिकाकाकू

&nbsp;

भाईंदर (पूर्व),
१४ डिसेंबर २०२५

आदरणीय काकूंना सप्रेम नमस्कार.

काल शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भूपेशदादा आले. पिशवी मी आधी पातळ कागदात, मग खाकी पाकिटात घातली, पाकिटावर तुमचे नाव लिहिले आणि त्यांच्या हाती दिली. त्यांनी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले. ते म्हणाले, "एवढी काळजी तर लग्नात नवरीच्या हाराची पण नव्हती." मी त्यांना दोनदा सांगितले की वर काही जड ठेवू नका.

आतले खूप नाजूक आहे. उघडलेत तर चुरा होईल. मला वाटते उघडू नये. तशीच उशाशी ठेवावी.

तुम्ही आईला चांगले ओळखले. ती काहीच टाकत नसे. फाटक्या जाळ्याचा तुकडा भांडी घासायला, मासळी धुतलेले पाणी माडाला, शिंपल्या एका पाटीत साठवून ठेवायची. मी लहानपणी काही टाकायला निघालो की म्हणायची, "ठेव थय, कामाला हाय." आता भाईंदरच्या घंटागाड्या भरून आमच्याच उत्तनच्या डोंगरावरच्या कचरा डेपोकडे चढतात. घरी जाताना बस त्यांच्या मागे लागते तेव्हा मी खिडकीतून बघतो की यात आपल्या इमारतीचे काय असेल. म्हणूनच मी एवढे वेगळे करतो, असे ती असती तर तिला सांगितले असते.

पुन्हा सांगतो, पिशवी उघडू नये.

आपला,
मेल्रॉय

&nbsp;

अकोला,
२ जानेवारी २०२६

चि. मेल्रॉय,

उघडली. तू दोनदा नको म्हणालास म्हणून उघडली.

पिशवी माझीच आहे. काठ माझा, टाके माझे. जास्वंद आहे, दूर्वा आहेत. तीन वर्षांच्या दूर्वा अजून हिरवट कशा, असं पहिल्यांदा वाटलं. मग तळाशी तुळशीची चार पानं निघाली.

बाळा, आमच्या गणपतीला तुळस वाहत नाहीत. चतुर्थीचा एक दिवस सोडला तर वर्षात कधीच नाही. दिरांच्या वाटण्या झाल्या तेव्हा बाळकृष्ण, अन्नपूर्णा सगळे त्यांच्याकडे गेले, आमच्या वाट्याला एकटा पितळी गणपती आला. बेचाळीस वर्षांत तुझ्या काकांनी त्याच्यावर तुळशीचं पान ठेवलं नाही. शेवटच्या सकाळी तर नक्कीच ठेवलं नाही, मी शेजारी वाती वळत होते.

चार पानं हातात घेऊन मी हसले. समिधा धावत आली, तिला वाटलं मी रडते आहे. मग रडलेही थोडी.

तू हे कुणाला फसवायला केलं नाहीस, एवढं मला कळतं. पण त्यांचं फूल कुठे आहे ते मला खरं लिही. वहीत कच्चं न लिहिता लिही. तू लिहिलंस की मीही एक गोष्ट लिहीन, जी मी तुला खोटी लिहिली आहे.

रसिकाकाकू

&nbsp;

भाईंदर (पूर्व),
११ जानेवारी २०२६

आदरणीय काकू,

हे वहीत लिहिलेले नाही. चूक दिसली तर माफ करा.

तुमचे काकांचे फूल मीच टाकले. सोमवार, २९ सप्टेंबर. हिनाताईंनी सात पिशव्या खाली आणल्या. सहाव्या पिशवीत ती लहान लाल काठाची पिशवी होती. त्या म्हणाल्या, "भैया, ये ऊपर शेल्फ के पीछे था. सूखे पत्ते हैं. गीला कि सूखा?" मी गाठ सोडली. आत काळपट चुरा होता. मला ते चहाच्या पत्तीसारखे किंवा औषधाच्या पाल्यासारखे वाटले. मी म्हणालो, पाला ओल्यात, कापड सुक्यात. पाला मी मागच्या डाव्या टाकीत झटकला आणि पिशवी कपड्यांच्या गोणीत टाकली. ती गोणी दोन महिन्यांतून एकदाच भरते, म्हणून पिशवी राहिली. दुसरा कोणी असता तर त्याने गाठ न सोडता ती तशीच फेकली असती आणि कदाचित गोणीत ती तशीच सापडली असती. मी चोख काम केले म्हणून ते गेले. पहिल्या पत्रात मी त्याच कामाची फुशारकी मारली होती. त्याची आठवण झाली की जेवण जात नाही.

तुमचे पत्र आले तेव्हा मी टाकी उघडून हाताने उकरली. पाच आठवडे झाले होते. वर छत्तीस घरांचे साली-देठ पडले होते, खाली सगळे एकसारखे झाले होते. शिवा वॉचमन म्हणाला, "क्या ढूँढ रहा है, अंगूठी?" मी हो म्हणालो. तोही बिचारा अर्धा तास काठीने उकरत बसला.

मग मी काकांच्या झाडाचे एक फूल तोडले. एकच तोडले. कुंपणाकडच्या दूर्वा घेतल्या आणि गच्चीवर वर्तमानपत्रात वाळवल्या. तुळस मी स्वतःच्या मनाने घातली. इमारतीत ज्यांच्या दारात देव त्यांच्या दारात तुळस दिसते, म्हणून मला वाटले तिच्याशिवाय पूजा पुरी होत नसेल. कोणाला विचारायची हिंमत झाली नाही. विचारले असते तर कशाला हवे ते सांगावे लागले असते.

तुम्ही साखर जास्त घातलीत ते वाचल्यावर मला खरे लिहिता आले नाही.

डावी टाकी आता तयार झाली आहे. खत काळे, भुसभुशीत, वास नसलेले. बेव्हर्ली पार्कातल्या एका बागेसाठी मागणी होती. मी दिले नाही. कमिटीने विचारले, का नाही? मी म्हणालो, ही टाकी एका व्यक्तीला विचारून द्यायची आहे. ते हसले, पण थांबले आहेत.

ती टाकी कुठे द्यायची ते सांगा. माझ्यावर रागवा, पण ते सांगा.

मेल्रॉय

&nbsp;

अकोला,
३० जानेवारी २०२६

प्रिय मेल्रॉय,

पत्रात एकच चूक आहे. 'तुमचे काकांचे' नव्हे, 'तुमच्या काकांचे'. ती मी दुरुस्त करणार नाही.

आता माझी गोष्ट. पिशवी मी विसरले नव्हते. मी कधी काही विसरते का? निघायच्या आधी तीन संध्याकाळी मी ती घेऊन जेसल पार्कच्या चौपाटीवर गेले. खाडीत सोडायची ठरवलं होतं. तिन्ही वेळा पाण्यात आधीच हार तरंगत होते, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, नारळासकट. आयुष्यभर लोकांना सांगितलं की खाडीत टाकू नका, निर्माल्य वेगळं द्या, आणि आता आपणच टाकायचं? परत आणली. मग तुझ्या निर्माल्याच्या डब्याशी आले. तू झाकण उघडून उभा होतास. मी म्हटलं, काही नाही, सहज आले. आठवतं?

माझा हात सुटेना. अकोल्याला आणली असती तर मरेपर्यंत उशाशी ठेवली असती आणि मग समिधाला प्रश्न पडला असता. म्हणून ती मुद्दाम फळीमागे सारली आणि कुलूप लावलं. कुणाच्या तरी हातून, न कळता, जाऊ दे. ते तू असशील असं मनात होतं का? होतं. मग इथे आल्यावर धीर सुटला आणि तुला पत्र लिहिलं, 'विसरले' असं. तू खोटं बोललास ते माझ्या खोट्याला उत्तर म्हणून.

तेव्हा तुझ्याकडून काही हरवलं नाही. मी तुझ्याकडून करून घेतलं.

टाकी काकांच्या जास्वंदीला घाल. उरेल ते ज्यांना हवं त्यांना दे, ४०४ वाल्यांनासुद्धा. तू वाळवलेलं फूल मी ठेवलं आहे. तुळशीची पानं समिधाच्या कुंडीत घातली.

आणि आता माझी पाळी विचारायची. तुझ्या आईच्या क्रुसाचं काय करतात तुमच्यात? वर्षभर ठेवतात म्हणालास. वर्षानंतर काय, ते लिहिलं नाहीस. वर्ष कधीच उलटून गेलं.

रसिकाकाकू

&nbsp;

भाईंदर (पूर्व),
१८ फेब्रुवारी २०२६

आदरणीय काकूंना सप्रेम नमस्कार.

वर्षानंतर तो चर्चमध्ये परत देतात. सगळ्या घरांचे जुने क्रूस एकत्र जाळतात आणि त्यांची राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. गेल्या वर्षी माझे वडील, कॅजिटन, आपला जुना क्रूस घेऊन निघाले आणि मला म्हणाले, "मायचा दे, मी नेतो." मी म्हणालो, सापडत नाही. तो माझ्या वहीच्या कव्हरात होता. ते वहीकडे बघून गेले.

या रविवारी मी तो काढला. वाळून पिवळा पडला आहे, पण तिने मधली घडी घातली आहे ती सुटलेली नाही. ती पात तीन वेळा मुडपायची, बाकीच्या बायका दोनदा. फादरांनी दारात टोपली ठेवली होती. मी बराच वेळ तिच्याशी उभा राहिलो. मागून कोणी बाई म्हणाली, "पोरा, टाकतंस का सरकतंस?" मग टाकला. टाकल्यावर मला तो बाकीच्यांतून ओळखता येत होता, म्हणून मी लगेच बाहेर आलो.

जास्वंदीला खत घातले. सहा पाट्या बसल्या. कळी अजून नाही. शिवा म्हणतो, उन्हाळ्यात धरेल. ४०४ वाल्यांनी एक पाटी नेली आणि आज पहिल्यांदा दोन पिशव्या वेगळ्या दिल्या. ओल्यात चमचा निघाला, पण दिल्या.

आज राखेचा बुधवार. चर्चमधली पहाटेची मिस्सा करून, कपाळाला राख लावून तसाच बसने आलो. सात वाजून पाच मिनिटांनी पोहोचलो. हिनाताई डबा घेऊन खाली आल्या, माझ्याकडे बघून रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "भैया, माथे पे कचरा लगा है." मी म्हणालो, "रहने दीजिए, आज का है." त्यांनी रुमाल आवरला. घंटागाडी आली, मी निळे डबे चढवले, हिरवे मागे नेले, झाकण लावले.

दुपारपर्यंत राख घामाने आपोआप गेली. ती कुठे गेली ते मी शोधले नाही.

आपला,
मेल्रॉय